कॅल्क्युलेटर हातात असताना आपण काय तपासतो?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं प्राथमिक शाळेच्या गणिताशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यात गणित शिकवलेलं नाही. पण 'परीक्षा' आणि 'कौशल्य' हे दोन शब्द आपण फार सहज वापरतो, आणि त्यांच्या पोटात काय दडलंय ते उघडून बघणं हे मात्र आमच्या विषयाचं काम आहे. इंग्लंडने 2012 साली लहान मुलांच्या गणित-परीक्षेबद्दल एक निर्णय घेतला. तो घेताना हे दोन शब्द कुणी नीट उघडून बघितले नाहीत, असं आमचं मत आहे. त्या निर्णयाची आज चिकित्सा करायची आहे.

सुरुवात एका घरगुती प्रसंगाने करतो. आमचा नातू इंग्लंडमध्ये शाळेत जातो. तो तिथल्या सहावीत, म्हणजे दहा-अकरा वर्षांचा असताना आम्ही महिनाभर त्यांच्याकडे होतो. एका संध्याकाळी त्याला सहज गणित घातलं. शाळेतली 377 मुलं सहलीला निघाली आहेत, एका बसमध्ये 52 जण बसतात, तर बस किती लागतील? त्याने कागद ओढला. आम्ही म्हटलं, "कॅल्क्युलेटर घे." तो दचकलाच. "आजोबा, ते चीटिंग होईल ना!" मग आग्रह केल्यावर घेतला. बटणं दाबली, पडद्यावर आलं 7.25. आणि पठ्ठ्या तिथेच थांबला. "सेव्हन पॉइंट टू फाइव्ह बसेस?" आतून त्याची आजी म्हणाली, "अरे, सव्वासात बस कशा येतील?" तो हसला आणि म्हणाला, "आठ." आम्ही विचारलं, "बरं, आणि त्या पॉइंट टू फाइव्हमध्ये मुलं किती आहेत?" हे काही त्याला चटकन उमगेना. आधी म्हणाला पंचवीस. मग स्वतःच मान हलवली. टेबलावर बोटाने काहीतरी गिरवत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पाव बस भरेल. म्हणजे तेरा मुलं."

आता या प्रसंगात गणित कुठे घडलं, ते बघू. भागाकार यंत्राने केला, यात वाद नाही. पण इथे भागायचं आहे, गुणायचं नाही, हे यंत्राने ठरवलं नव्हतं. चुकून गुणाकाराचं बटण दाबलं असतं तर यंत्राने तितक्याच शांतपणे 19,604 बस लागतील म्हणून सांगितलं असतं. सव्वासात बस येत नाहीत, म्हणून आठ, हेही यंत्राचं काम नव्हतं. आणि दशांश चिन्हाच्या पुढचे ते दोन आकडे म्हणजे पंचवीस मुलं नव्हेत, बावन्नाचा चौथा हिस्सा आहे, हे शोधायला त्या पोराला दोन-तीन मिनिटं खरोखर विचार करावा लागला. सगळ्या प्रसंगात त्याला अवघड गेलेली गोष्ट तीच एक होती. आणि ती त्याच्यासमोर आली, कारण भागाकाराचं ओझं यंत्राने उचललं होतं. कागदावर त्याने केलं असतं तर 'सात, बाकी तेरा' लिहून मोकळा झाला असता. म्हणजे तेरा त्याला आयते मिळाले असते, आणि 'पाव' हाती लागला नसता.

आता त्या निर्णयाकडे येऊ. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा होते. अनेक वर्षं गणिताच्या या परीक्षेचे तीन भाग होते. एक 40 गुणांची प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरशिवाय. दुसरी 40 गुणांचीच, कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी असलेली. आणि 20 गुणांची ऐकून मनात सोडवायची गणितं. एकूण 100. नोव्हेंबर 2012 मध्ये तेव्हाच्या शिक्षण खात्यातल्या मंत्री एलिझाबेथ ट्रस यांनी जाहीर केलं, की 2014 पासून या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालणार नाही. ट्रस बाई पुढे 2022 मध्ये थोड्या दिवसांसाठी पंतप्रधान झाल्या, त्या याच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की मुलं फार लवकर यंत्रावर विसंबतात. आधी बेरीज, वजाबाकी, पाढे, भागाकार पक्के व्हायला हवेत, कॅल्क्युलेटरचं नंतर बघू.

हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की आपल्यातल्या बहुतेकांच्या माना आपोआप डोलतील. आमचीही डोलली होती. पण जरा थांबून ते गुण मोजा. शंभरापैकी साठ गुण आधीपासूनच यंत्राशिवायचे होते. पाढे, बेरजा, भागाकार हे सगळं त्या साठ गुणांत तपासलं जातच होतं. मुलाचं हे पक्कं नसेल तर ते तिथे दिसत होतं. मग कॅल्क्युलेटरची प्रश्नपत्रिका काढून टाकल्यावर परीक्षेत आकडेमोड 'परत' आली असं कसं म्हणता येईल? ती कुठे गेलीच नव्हती. बाहेर गेलं ते दुसरंच काहीतरी. ते काय होतं, हा आपला प्रश्न आहे.

त्याआधी बंदीच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करू. चिकित्सा करायची तर समोरच्याचं बळकट म्हणणं घ्यावं, कमकुवत नव्हे. सहा सत्ते बेचाळीस हे ज्याला बटण दाबून काढावं लागतं, त्याचा विचाराचा धागा प्रत्येक पायरीला तुटतो. शिवाय यंत्राचं उत्तर बरोबर की चूक, हे ओळखायला अंदाज लागतो, आणि अंदाज डोक्यातल्या पाढ्यांवरच उभा असतो. संशोधनातही याला थोडा आधार आहे. रे हेमब्री आणि डोनाल्ड डेसार्ट या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी 1986 मध्ये 79 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बहुतेक इयत्तांत नेहमीच्या शिकवण्याबरोबर कॅल्क्युलेटर वापरल्याने मुलांची कागदावरची आकडेमोड बिघडली नाही, उलट सुधारली. पण चौथीचा त्यांनी अपवाद नोंदवला. तिथे सतत वापराने साधारण मुलांच्या मूलभूत कौशल्यांना अडथळा झाल्यासारखा दिसला. कॅल्क्युलेटरच्या समर्थकांनी हा अपवाद गिळून टाकू नये.

समर्थकांचाही एक लाडका युक्तिवाद आहे आणि तो आम्हाला पटत नाही. ते म्हणतात, खऱ्या आयुष्यात सगळे यंत्रच वापरतात, मग परीक्षेत का नको? अहो, खऱ्या आयुष्यात सगळे लिफ्टनेही जातात. म्हणून शाळेतली धावण्याची शर्यत लिफ्टमध्ये घ्यायची का? आयुष्यात एखादी गोष्ट वापरतात एवढ्यावरून परीक्षेत ती असावी असं निघत नाही. दुसरं एक उदाहरण एमी एलिंग्टन यांच्या 2003 सालच्या आढाव्याचं. त्यात 54 अभ्यास होते. निष्कर्ष असा, की कॅल्क्युलेटर शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे असेल, तर मुलांची आकडेमोडीची आणि प्रश्न सोडवण्याची, दोन्ही कौशल्यं वाढलेली दिसतात. यातलं प्रश्न सोडवण्याचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. पण आकडेमोड करणारं यंत्र हातात दिल्यावर आकडेमोडीचे गुण वाढले, हे ऐकून आपण काय शिकलो? मोजतोय कोणाला, मुलाला की मुलाच्या हातातल्या डबीला? हा प्रश्न तिथे उरतोच.

म्हणजे दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात. 'गणिताचं कौशल्य' नावाची एक वस्तू आहे आणि कॅल्क्युलेटर ती वाढवतो किंवा कमी करतो, असं ते गृहीतक. इथे आम्हाला गिल्बर्ट राइल आठवतो. राइल हा ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ. 1949 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने सवय आणि कौशल्य यांत फरक केला. सवयीने केलेली कृती दरवेळी आधीच्या कृतीची नक्कल असते. कौशल्याने केलेली कृती मात्र आधीच्या अनुभवाने बदलत जाते. सवय घोटून येते. कौशल्याला घोटणं लागतंच, पण त्यात माणूस आपण काय करतोय याकडे लक्ष ठेवून असतो, चुकलं तर सावरतो. राइलची ही फूटपट्टी लावली तर पाढा ही सवय आहे. चांगली, आवश्यक सवय आहे. भागाकाराची उभी मांडणीसुद्धा एकदा बसली की बहुतांशी सवयच असते. आणि 7.25 बघून थबकणं, हे कौशल्य आहे.

लुडविग विटगेनस्टाइनने याच्याही पुढे जाऊन विचारलं होतं, की गणनयंत्र गणित करतं असं म्हणता येईल का? समजा, एखादं यंत्र निव्वळ योगायोगाने तयार झालं, एखादा प्राणी त्याच्या बटणांवरून चालत गेला, आणि पंचवीस गुणिले वीसचं उत्तर बाहेर पडलं. गणित झालं का? त्याचा रोख असा, की चिन्हांना माणसांच्या व्यवहारात काही उपयोग असतो म्हणून ती गणित होतात. हाच विटगेनस्टाइन 1920 ते 1926 या काळात ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. गणिताच्या बाबतीत तो मुलांशी फार कठोर वागे, मारतही असे, आणि शेवटी एका मुलाला मारल्याच्या प्रकरणानंतर त्याने नोकरी सोडली. तत्त्वज्ञ असलेला मास्तरसुद्धा वर्गात किती कमी पडू शकतो, हे आम्ही विसरत नाही.

मग कॅल्क्युलेटर असलेल्या प्रश्नपत्रिकेत असं काय तपासता येतं, जे एरवी येत नाही? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली, कोणती क्रिया करायची याची निवड. यात एक बारीक मेख आहे. यंत्राशिवायच्या परीक्षेत प्रश्न काढणाऱ्याला आकडे सोयीचे घ्यावे लागतात, नाहीतर सगळा वेळ आकडेमोडीतच जातो. आणि सोयीचे आकडे चाडी करतात. 36 आणि 4 दिसले की मूल भागतं. का भागायचं, ते वाचायचीही गरज पडत नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेतल्या लोकांनी 1980 च्या सुमारास लहान मुलांना प्रश्न दिला होता: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी आकडे जोडून-तोडून वय सांगितलं! ही मुलं मूर्ख नव्हती. गणितात आकडे दिले की त्यांचं काहीतरी करायचं असतं, हे शाळेने त्यांना शिकवलं होतं आणि ते ती शिकली होती.

आता आडदांड आकडे घ्या. किलोला 62 रुपये भाव असलेले तांदूळ 0.75 किलो घेतले, किती पैसे? कॅल्क्युलेटर हातात आहे. पुष्कळ मुलं इथे भागाकार करतात, कारण 'गुणलं की वाढतं' हे डोक्यात बसलेलं असतं आणि उत्तर तर कमी यायला हवं. इंग्लंडमध्येच ॲलन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांबाबत हे दाखवून दिलं होतं. पेट्रोलचा भाव तोच, पण गॅलन एकापेक्षा कमी झाले की मुलं गुणाकार सोडून भागाकाराकडे वळत. भागाकार केला तर इथे उत्तर 82.67 येतं. पाऊण किलोला पूर्ण किलोपेक्षा जास्त पैसे! ज्या मुलाला हे खटकतं त्याला गणित येतंय. आमच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केली होती. ज्याच्या कानात 'पाऊण' हा शब्द बसलाय, तो 0.75 ला आकडा म्हणून न बघता एकाहून थोडं कमी असं माप म्हणून बघतो. पण एक कबूल करू. ती पाऊणकीसुद्धा त्या काळचं यंत्रच होती, फक्त डोक्यात बसवलेलं. घडाघडा म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती कळत होती असं नाही.

दुसरी गोष्ट, पडद्यावरचा आकडा वाचणं. पैशांच्या हिशेबात 4.5 आलं तर ते साडेचार रुपये, चार रुपये पाच पैसे नव्हेत. बसच्या उदाहरणात तर आपण बघितलंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना असाच प्रश्न होता: 1128 सैनिक, बसमध्ये 36 जागा. सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण 32 हे उत्तर देणारे फक्त 23 टक्के. 29 टक्के मुलांनी उत्तर लिहिलं, '31, बाकी 12'. ही मुलं आपल्या प्राथमिक मुलांहून मोठी होती, आणि त्यांना भागाकार येत होता, हे ध्यानात घ्या. हा गैरसमज कॅल्क्युलेटरमुळे झालेला नाही. हाताने भागाकार करूनही तो होतो. म्हणून तो वेगळा तपासावा लागतो.

तिसरी गोष्ट, चाचपडत शोधणं. 37 ला कशाने गुणलं तर उत्तर 1000 आणि 1050 च्या मध्ये येईल? मूल 30 ने गुणून बघतं, 1110 येतात, जास्त झाले. 25 ने बघतं, 925, कमी पडले. 28 ने 1036. सापडलं. हे कागदावर करायला सांगितलं तर तीन गुणाकारांत मूल थकून जाईल आणि शोधाची मजा जाईल. यंत्र हातात असलं तर प्रत्येक पायरीला मुलाचा पुढचा अंदाज आधीच्यापेक्षा शहाणा होतो की नाही, हे दिसतं. राइलचं कौशल्य म्हणजे नेमकं हेच.

ही काही आमच्या मनातली कल्पना नाही. इंग्लंडमध्ये 1982 च्या कॉकक्रॉफ्ट समितीच्या अहवालाने कॅल्क्युलेटरला विरोध न करता त्याने गणिताच्या समजेची गरज कमी होत नाही, हे स्पष्ट केलं होतं. त्यानंतर 1986 पासून हिलरी शुअर्ड यांच्या नेतृत्वाखाली काही प्राथमिक शाळांत एक प्रकल्प चालला. मुलांच्या हाताशी कायम कॅल्क्युलेटर ठेवायचा आणि उभ्या मांडणीच्या ठरावीक रीती शिकवायच्या नाहीत, असा तो प्रयोग. लोकांना भीती होती की मुलं डोकं चालवणं सोडतील. पुढे केंब्रिजच्या केनेथ रुथवेन यांनी अशा शाळांतल्या मोठ्या मुलांची तुलना इतर शाळांशी केली, तेव्हा या शाळांतली मुलं तोंडी हिशेबाकडे जास्त वळतात आणि त्यांच्या तोंडी युक्त्याही जास्त ताकदीच्या आहेत, असं दिसलं. प्रकल्प छोटा होता, शिक्षक उत्साही होते, हे सगळं धरूनही भीती खोटी ठरली एवढं म्हणता येतं.

आता 2014 नंतर काय झालं ते बघू. 2016 पासून परीक्षेचं नवं रूप आलं. अंकगणिताची एक प्रश्नपत्रिका, अर्ध्या तासात 36 प्रश्न, 40 गुण. आणि 'तर्कविचारा'च्या दोन, प्रत्येकी 35 गुणांच्या. न्याय म्हणून सांगायला हवं, की या दोन प्रश्नपत्रिकांत शाब्दिक उदाहरणं असतात आणि त्यांतली काही उत्तम असतात. म्हणजे विचार सगळाच हद्दपार झाला असं नाही. पण त्यातही आकडेमोड हातानेच, त्यामुळे आकडे पुन्हा सोयीचे, आणि ज्या मुलाचा हात हळू चालतो त्याचा विचार कागदावर पोचण्याआधीच वेळ संपतो.

अंकगणिताच्या प्रश्नपत्रिकेत तर आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या गुणाकार-भागाकाराच्या प्रश्नांना दोन गुण. उत्तर बरोबर आलं तर रीत कोणतीही चालते. पण उत्तरात एक चूक झाली, तर सांत्वनाचा एक गुण फक्त ठरावीक औपचारिक रीतीने मांडणी केलेल्यालाच मिळतो. समजा, एका मुलीने 377 भागिले 29 करताना आधी दहा वेळा 29 म्हणजे 290 काढले, उरले 87, त्यात 29 तीन वेळा, असं स्वतःच्या बुद्धीने केलं आणि शेवटी एक आकडा चुकला. तिला शून्य. शेजारच्याने शिकवल्याप्रमाणे मांडलं आणि तेवढीच चूक केली. त्याला एक. यात कौशल्याला बक्षीस आहे की सवयीला, तुम्हीच ठरवा. आणि 2022 पासून चौथीच्या मुलांना पाढ्यांची चाचणी सक्तीची झाली. संगणकाच्या पडद्यावर 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. यंत्र मुलाच्या हातातून काढून घेतलं आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. मुलाकडून मात्र आता त्या यंत्रासारखंच वागण्याची अपेक्षा आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? परीक्षेतून गेलं, वर्गात तर करता येतंच की. इथेच खरी गोम आहे. तिथे या परीक्षेच्या निकालांवर शाळांची तुलना होते. जे परीक्षेत नाही ते हळूहळू वर्गातूनही जातं, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. आणि नुकसान कोणाचं होतं? ज्याला आकडेमोड झरझर येते त्याचं फारसं नाही. नुकसान त्या मुलाचं, ज्याचा हात हळू आहे पण डोकं ठिकाणावर आहे. जुन्या परीक्षेत त्याच्यासाठी 40 गुणांची एक खिडकी होती. ती बंद झाली, आणि अकराव्या वर्षी त्याच्या नावापुढे 'गणितात कच्चा' असं लागलं. हा शिक्का किती वर्षं पुसत नाही, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक असेल.

आपल्याकडे या मुलाचं चित्र अधिकच ठळक दिसतं. 2025 च्या सुरुवातीला 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी 1,436 मुलं त्यांनी तपासली. ही मुलं गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अवघड हिशेब मनात बरोबर करत होती. त्याहून सोपी गणितं शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत घातली की अडत होती. आणि शाळेत जाणाऱ्या 471 मुलांचं उलटं. त्यांना साधी लेखी गणितं जास्त जमत होती, पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांनी सोडवला, तो यांच्यापैकी फक्त एक टक्क्याला सुटला. इथे कॅल्क्युलेटर कुठेच नव्हता. तरी मुद्दा तोच आहे. प्रश्न कसा विचारला, हातात काय दिलं, यावर कोण हुशार ठरतो हे बदलतं. एकाच पद्धतीने विचारत राहिलात तर एकाच प्रकारची मुलं तुम्हाला दिसतील, आणि उरलेली आहेत हेच कळणार नाही.

कॅल्क्युलेटरच्या परीक्षेत दोष नाहीत असं आम्ही म्हणत नाही. मोठा दोष असा, की बटणं दाबल्याची खूण मागे राहत नाही. चुकीचं उत्तर आलं तर मुलाने क्रिया चुकीची निवडली की बोट घसरलं, हे तपासणाऱ्याला कळत नाही. दुसरा दोष यंत्रांचा. दोन अधिक तीन गुणिले चार, असं ओळीने दाबलं तर साधा कॅल्क्युलेटर 20 दाखवतो आणि शास्त्रीय कॅल्क्युलेटर 14. दोन मुलं, दोन यंत्रं, दोन उत्तरं. तिसरा, अशा प्रश्नांचीही शिकवणी निघू शकते. 'बस आल्या की वरचा आकडा लिहायचा' असं घोकून घेतलं, की तीही सवयच झाली. मग पेट्यांत चेंडू भरायचे असोत की दोरीचे तुकडे करायचे असोत, मूल वरचाच आकडा लिहील.

या दोषांवर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. सगळ्यांना एकाच प्रकारचं साधं यंत्र द्यावं. बटणाला हात लावण्याआधी अंदाज लिहायला सांगावा, त्याला गुण असावेत. कोणती क्रिया केली आणि का, हे एका ओळीत लिहायला जागा ठेवावी. पडद्यावर जे आलं त्याचा अर्थ शब्दांत विचारावा. आणि पाढे, लेखी आकडेमोड यांची परीक्षा वेगळी घ्यावी, तिच्यात यंत्र नको. जुन्या इंग्लंडच्या परीक्षेत ही शेवटची गोष्ट होती, पहिल्या तीन पुरेशा नव्हत्या. ट्रस बाईंनी ती प्रश्नपत्रिका सुधारायला हवी होती. त्यांनी ती फाडली. आमची तक्रार एवढीच आहे.

आपल्या शाळांत हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही. पण आता प्रत्येक घरात फोन आहे आणि प्रत्येक फोनमध्ये कॅल्क्युलेटर. तो लपवून ठेवण्यापेक्षा एकदा मुलासमोर ठेवून बघा. इथे शिक्षक आहेत, आजी-आजोबा आहेत, त्यांना आम्ही एक काम सांगतो. घरी गेल्यावर मुलाला त्या बसचं गणित घाला. आकडे बदलले तरी चालतील, फक्त भाग पूर्ण जाऊ देऊ नका. आधी विचारा, "अंदाजे किती लागतील?" मग बटणं दाबू द्या. उत्तर आल्यावर लगेच बरोबर-चूक सांगू नका. "हे पॉइंटच्या पुढचे कोण?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. आमच्या नातवाला तेरा मुलं सापडायला दोन-तीन मिनिटं लागली होती. तेवढा वेळ थांबणं आम्हाला फार जड गेलं, हे कबूल करतो. पण तेवढं थांबावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.